भिरूड, रोठा आणि त्यांचे जंगलातले भाऊबंद

मिरगाचे पहिले पाऊस झाले की कोकणात रात्री पडवीतल्या दिव्यावर जे किडे येऊन धडकतात, त्यांत अधूनमधून एखादा दांडगा राखाडी भुंगेरा असतो. लांबीला चार-पाच सेंटीमीटर. अंगावर बारीक मऊ लव, मानेवर दोन नारिंगी डाग, पाठीवरच्या टणक पंखांवर पिवळट ठिपके आणि डोळ्यामागून निघून कुशीवरून थेट पोटाच्या टोकापर्यंत गेलेला पांढरा पट्टा. मानेच्या दोन्ही अंगांना एकेक काटा. मिशा इतक्या लांब की नराच्या मिशा शरीरालाही मागे टाकतात. दोन बोटांत धरून उचलला की तो चीं चीं करतो. हा आवाज तोंडातून येत नाही. तो मान वर-खाली करतो तेव्हा मानेच्या कवचाची आतली कड पाठीवरच्या अतिशय बारीक रेघांवरून घासत जाते आणि कंगव्याच्या दात्यांवरून भराभर नख फिरवल्यासारखा आवाज उठतो. पक्ष्याच्या चोचीत सापडल्यावर एवढ्यानेही कधी कधी सुटका होत असावी.

याचं शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. आंब्याच्या बागेत भिरूड म्हणून ज्याची धास्ती असते तो किडा हाच. नुकसान करते ती त्याची अळी, आणि ती जवळपास वर्षभर खोडाच्या आत असते. दिव्यावर दिसतो तो त्या आयुष्याचा शेवटचा, छोटा टप्पा.

भिरूडाच्या कुळातल्या, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांविषयी लिहिताना रंग, आकार आणि मिशा यांच्यावरच सगळा भर जातो. मला वाटतं, हे किडे समजून घ्यायचे तर किड्याकडे जरा कमी आणि लाकडाकडे जास्त बघावं. झाड धडधाकट आहे, आजारी आहे, नुकतंच पडलंय, वाळलंय की कुजलंय, यावरून तिथे कोणती जात येणार, किती काळ राहणार आणि ती आपल्याला शत्रू वाटणार की नाही, हे जवळजवळ सगळं ठरतं.

कूळ मोठं, मिशा कामाच्या

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळाला सेरॅम्बिसिडी म्हणतात. जगात आजवर त्याच्या ३५,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि नव्या जातींची भर सुरूच आहे. सगळ्यात जास्त जाती उष्ण कटिबंधातल्या जंगलांत. निम्म्याहून अधिक जाती लॅमिनी या एकाच उपकुळात येतात. भिरूडही त्यातलाच. या उपकुळातल्या भुंगेऱ्याचा चेहरा समोरून सपाट आणि सरळ खाली उतरलेला दिसतो. दुसरं मोठं उपकूळ सेरॅम्बिसिनी. काजूचा रोठा त्यातला. तिसरं प्रायोनिनी, म्हणजे रुंद, जाडजूड, जबड्याने दणकट अशा भुंगेऱ्यांचं.

मिशीला साधारण ११ पेरं असतात. डोळ्याचा आकार मूत्रपिंडासारखा, मध्ये खाच असलेला, आणि मिशी बहुधा त्या खाचेतूनच निघते. काही जातींत ही खाच इतकी खोल गेलेली असते की डोळ्याचे दोन वेगळे भाग होतात आणि भुंगेऱ्याला चार डोळे असल्याचं दिसतं. तरी अंधाऱ्या जंगलात त्याचा खरा आधार वास. ताज्या जखमेतून, सोललेल्या सालीतून, आंबू लागलेल्या रसातून जे वास सुटतात ते हे किडे दुरून टिपतात. जोडीदारही वासावरच सापडतो.

या वासाच्या बाबतीत एक गोष्ट संशोधकांनाही चकित करून गेली. सेरॅम्बिसिनी उपकुळातल्या असंख्य जातींचे नर एकच साधं रसायन सोडतात, ३-हायड्रॉक्सीहेक्झान-२-ओन. वेगवेगळ्या खंडांवर राहणाऱ्या, एकमेकांना कधीच न भेटणाऱ्या जातींतही तेच रसायन सापडलं. मग एकाच जंगलातल्या पाच जाती एकाच वासावर गोळा झाल्या तर घोळ होत नाही का? तो टाळायचे मार्ग अनेक. कोणी पहाटे उडतो, कोणी भर दुपारी, कोणी रात्री. कोणाचा हंगाम आधी संपतो. काही जाती त्या मुख्य वासात दुसरं एखादं रसायन मिसळतात. आणि शेवटची खातरजमा स्पर्शाने होते. मादीच्या अंगावरच्या मेणचट थरात तिच्या जातीची ओळख असते, आणि नराची मिशी तिथे टेकल्याशिवाय पुढचं काही घडत नाही.

खोडाच्या आत

भिरूडाची मादी लाकडातून बाहेर पडते तेव्हा लगेच अंडी घालायला तयार नसते. आधी तिला खावं लागतं. ती कोवळ्या फांद्यांची हिरवी साल कुरतडते, आणि वड-उंबराच्या जातीतली झाडं तिला विशेष आवडतात. ते अन्न पोटात गेल्यावरच अंडी पक्व होतात. मग ती आंबा, फणस, अंजीर, सावर किंवा शेवग्याच्या खोडावर जबड्याने सालीत एक छोटी चीर पाडते, वळते, आणि चिरेत एकच अंडं घालून पुढे सरकते. अशी एकेक करत ती दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. आठवड्या-दोन आठवड्यांत अळी बाहेर येते.

ही अळी ओळखायला सोपी आहे. शेणखताच्या ढिगात सापडणारा गेंडा भुंग्याचा हुमणीसारखा किडा इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला असतो आणि त्याला सहा स्पष्ट पाय असतात. भिरूडाची अळी सरळ, पिवळट पांढरी, पाय नसलेली. डोकं छातीत अर्धं बुडालेलं, बाहेर दिसतो तो काळा मजबूत जबडा. पाठीवर आणि पोटावर प्रत्येक वळीला खरखरीत फुगवटे असतात. तेच बोगद्याच्या भिंतींवर टेकवून ती पुढेमागे सरकते. पूर्ण वाढली की ती आठ-दहा सेंटीमीटर लांब होते. तेवढी अळी हातात घेतली की झाड आतून किती गेलं असेल याचा अंदाज येतो.

सुरुवातीला अळी सालीच्या लगतच्या थरात राहते. झाडाने पानांत तयार केलेली साखर याच थरातून खाली वाहते आणि नवं लाकूडही इथेच तयार होतं, म्हणून झाडाच्या खोडात सगळ्यात पौष्टिक भाग हाच. त्याच्या आत मात्र परिस्थिती बिकट. पानांत नायट्रोजन साधारण दोन ते चार टक्के असतो, तर लाकडात जेमतेम ०.१ टक्का, कधी त्याहूनही कमी. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो. म्हणूनच पानं खाणारी अळी तीन आठवड्यांत मोठी होते आणि लाकूड खाणारीला महिने किंवा वर्षं लागतात. भिरूडाच्या पिढीला साधारण एक वर्ष लागतं. एवढ्या काळात ती जो भुसा बाहेर लोटते, त्यातला बराचसा तिने खाल्लेला, पण जेमतेम पचलेला असतो.

लाकूड पचवणं हीच मुळात अवघड कला आहे. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचं बनलेलं असतं. गाय-म्हैस गवतातलं सेल्युलोज पचवते ते पोटातल्या जिवाणूंच्या जोरावर. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या पोटातही जिवाणू आणि बुरशी असतात आणि त्यांची मदत होतेच. पण या किड्यांकडे स्वतःचीही सामग्री आहे. भिरूडाच्याच उपकुळातला, चीन-कोरियाकडचा एक भुंगेरा अमेरिकेत आणि युरोपात शिरून तिथली झाडं मारू लागला, म्हणून त्याचा फार कसून अभ्यास झाला. २०१६ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात झाडाच्या पेशीभित्ती तोडणारी विकरं बनवणारी जनुकं मोठ्या संख्येने सापडली. त्यांतली काही तर मूळची जिवाणूंची किंवा बुरशीची होती. फार पूर्वी केव्हातरी या कुळाच्या पूर्वजांनी ती उचलली, आणि आता ती आईबापांकडून पिल्लांकडे जातात. वनस्पती खाणाऱ्या कीटकांनी एवढी मजल कशी मारली याचं हे मोठं कारण आहे, आणि मला यातला सर्वांत थक्क करणारा भाग हाच वाटतो.

वाढ पूर्ण झाली की अळी खोडातच एक दालन कोरते आणि तिथे कोषात जाते. काजूच्या रोठ्याचं हे दालन मुद्दाम बघण्यासारखं असतं. रोठा, म्हणजे निओप्लोसेडेरस फेरुजिनियस, काजूच्या बुंध्याशी आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालतो. अळी साल आणि मुळं पोखरते, बुंध्यातून डिंक आणि भुसा बाहेर येतो, पानं पिवळी पडतात आणि झाड वाळतं. मेलेल्या काजूचा बुंधा फोडला तर आत पांढऱ्या, कडक, लंबगोल कुप्या मिळतात. अळीने स्वतःच्या शरीरातून बाहेर टाकलेल्या चुन्याचा तो कोश. नखाने फुटत नाही इतका घट्ट. आत ती अळी सुरक्षित कोषात जाते. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. रोठा मात्र इथलाच किडा, आणि त्याने हे परकं झाड पुरतं आपलंसं केलं.

कोषातून भुंगेरा तयार झाला तरी तो लगेच बाहेर येत नाही. आपल्याकडच्या अनेक जाती पूर्ण वाढ झाल्यावरही लाकडातच थांबून राहतात. पहिल्या जोरदार पावसाने लाकूड आणि हवा दमट झाली की ते गोल भोक पाडून बाहेर पडतात. मिरगाला दिव्यावर गर्दी होते ती यामुळे.

झाड कोणत्या अवस्थेत आहे?

आता मूळ मुद्दा. जिवंत, धडधाकट झाड सहजासहजी हार मानत नाही. जखम झाली की ते तिथे डिंक किंवा राळ ओततं, रस दाबाने वाहतो, कोवळी अळी त्यात बुडून मरते. त्यामुळे खरोखर निरोगी झाडात वाढू शकणाऱ्या जाती थोड्या. त्यांचे आवडते वृक्षही मोजकेच असतात, कारण प्रत्येक झाडाचं विष वेगळं आणि ते पचवायची तयारी पिढ्यान्पिढ्या करावी लागते. झाड मेलं की हा पहारा उठतो. नुकत्याच पडलेल्या झाडात साखर शिल्लक असते आणि प्रतिकार संपलेला असतो. इथे सगळ्यात जास्त गर्दी. उष्ण, दमट जंगलात मात्र ही सवड फार थोडी असते. काही दिवसांत बुरशी, वाळवी आणि दुसऱ्या जातींच्या अळ्या हजर होतात. त्यामुळे पडलेल्या झाडापर्यंत लवकर पोचणं हाच या भुंगेऱ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि लांब मिशा त्यासाठीही लागतात.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला ॲक्रोसायनस लाँगिमॅनस हा चित्रविचित्र, काळा-लाल-पिवळसर नक्षीचा भुंगेरा मरत आलेल्या, कुजू लागलेल्या उंबरवर्गी झाडांवर येतो. नराचे पुढचे पाय शरीराहून लांब. मादी जिथे अंडी घालणार ती जागा ताब्यात ठेवण्यासाठी नर या पायांनी एकमेकांना ढकलून देतात. पण खरी गंमत त्याच्या पंखांखाली आहे. तिथे कॉर्डिलोकर्नीस नावाचे, विंचवासारखे पुढचे चिमटे असलेले पण शेपटी नसलेले इवलेसे जीव बसलेले असतात. ते त्याच कुजक्या लाकडात राहतात. लाकूड संपत आलं की त्यांना दुसऱ्या मेलेल्या उंबराकडे जायचं असतं, आणि त्यांना पंख नाहीत. ते बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यावर चढतात आणि नव्या झाडावर पोचले की रेशमाचा धागा सोडून खाली उतरतात. पनामा आणि फ्रेंच गयानात जीन झेह आणि डेव्हिड झेह या संशोधक दांपत्याने दाखवून दिलं की हे नुसतं प्रवासाचं साधन नाही. या इवल्या जिवांतला एखादा मोठा नर त्या भुंगेऱ्याच्या पाठीवरची जागा अडवून बसतो, इतर नरांना हुसकावतो आणि चढणाऱ्या माद्यांशी तिथेच समागम करतो. एका मेलेल्या झाडावर किती जणांचे संसार उभे असतात ते यावरून कळावं.

काही जाती झाड मरायची वाटच पाहत नाहीत. आपल्याकडे गुलाब, बोगनवेल, तुती, द्राक्ष यांच्यावर स्थेनियास ग्रिसेटर नावाचा दीड-दोन सेंटीमीटरचा राखाडी भुंगेरा येतो. मादी रात्री फांदीभोवती फिरत साल आणि खालचं लाकूड गोल कुरतडते. दोन-चार दिवसांत वरची पानं मान टाकतात. घराच्या बागेत हिरवीगार फांदी अचानक सुकली आणि खाली फांदीला चहूबाजूंनी स्वच्छ खाच दिसली तर बहुधा ही करामत तिची. अंडी ती खाचेच्या वरच्या, मरणाऱ्या भागात घालते. यामागचं गणित असं: पानांतली साखर सालीवाटे खाली येते, ती खाचेपाशी अडते आणि वरच्या भागात साचते. त्याच वेळी त्या तुकड्याचा डिंक-रसाचा प्रतिकार संपतो. पोषण जास्त, धोका कमी, आणि इतर भुंगेरे यायच्या आत जागा आपली.

या कापलेल्या फांद्यांनी पुढे कोणाची सोय होते हे मेक्सिकोतल्या चामेलाच्या पानगळी जंगलात तपासलं गेलं. तिथे ऑन्सिडेरिस नावाचा भुंगेरा स्पाँडियास वंशाच्या, म्हणजे आपल्या आंबाड्याच्या वंशातल्या झाडाच्या फांद्या अशाच कापतो. त्याच्या अळ्या निघून गेल्यावर उरलेल्या पोकळ बोगद्यांत मुंग्या, कोळी आणि इतर कितीतरी लहान जीव घर करतात. भुंगेऱ्याने कापलेल्या फांद्यांत त्यांची विविधता इतर फांद्यांपेक्षा जास्त भरली.

लाकडाच्या प्रवासाचं दुसरं टोक म्हणजे पुरतं वाळलेलं, रंधलेलं, घरात आलेलं लाकूड. भारतातला स्ट्रोमॅशियम बार्बेटम त्यातही जगतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सी. एफ. सी. बीसन यांनी भारतातल्या जंगली किडींचा अभ्यास केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या नोंदींत या एका किड्याची ३०० हून जास्त खाद्यझाडं आहेत. मेलेल्या लाकडात झाडाचा जिवंत प्रतिकार उरत नाही, म्हणून एवढी विविधता जमते. पण वाळक्या लाकडात पाणीही जेमतेम आणि नायट्रोजनही जेमतेम, म्हणून अळीला वर्षानुवर्षं लागतात. जुन्या कपाटातून अचानक भुसा पडू लागतो आणि एक दिवस भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो, तेव्हा त्याचं अंडं कपाट घरात आलं त्याच्याही आधीचं असू शकतं. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत हाच किडा जुन्या वेलींच्या सुकलेल्या खोडांत शिरताना दिसतो. तिथेच त्याच्या जोडीला सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर येतो, तो मूळचा बाभळीवरचा, आणि बांधावर बाभळी आपल्याकडे कमी नाहीत.

वॉलेस आणि पडलेली झाडं

पडलेल्या झाडांचं हे महत्त्व आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाला बोर्निओ बेटावर कळलं. १८५५ च्या मार्चमध्ये ते सारावाकमधल्या सिमुंजोन इथल्या कोळशाच्या खाणीवर पोचले आणि जवळपास नऊ महिने राहिले. खाण नव्याने सुरू होत होती. रेल्वेसाठी जंगल तोडलं जात होतं, सगळीकडे ओंडके, फांद्या, सोललेली साल पडलेली, आणि उघडीक झाल्यामुळे ऊन खाली पोचलेलं. वॉलेस यांनी तिथल्या चिनी आणि दयाक या स्थानिक जमातीच्या मजुरांना प्रत्येक किड्यामागे एक सेंट देऊ केला. एका दिवशी त्यांच्या हाती भुंगेऱ्यांच्या ७६ वेगवेगळ्या जाती आल्या, त्यांतल्या ३४ त्यांना नव्या होत्या. बोर्निओत त्यांनी भुंगेऱ्यांच्या सुमारे २,००० जाती गोळा केल्या. त्यांतल्या फार थोड्या सोडल्या तर सगळ्या सिमुंजोनच्या जेमतेम एका चौरस मैलाच्या परिसरातल्या. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्याच जवळपास ३०० जाती होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला अगदी नव्या.

अखंड जंगलात त्या जाती नव्हत्या असं नाही. त्या होत्याच, पण उंच शेंड्यांत आणि दूरदूर विखुरलेल्या. एकदम एवढं ताजं मेलेलं लाकूड एका जागी मिळालं म्हणून त्या तिथे गोळा झाल्या.

शालवनातला उद्रेक

हीच गोष्ट उलट बाजूने पाहायची तर मध्य प्रदेशातल्या शालवनांकडे जावं. होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस हा मोठा तपकिरी भुंगेरा तिथे पूर्वीपासून आहे. एरवी तो वादळात पडलेल्या, म्हाताऱ्या किंवा आजारी शालवृक्षांतच वाढतो. निरोगी शालवृक्षावर अंडी घातली तर झाड भरपूर राळ ओतून कोवळ्या अळ्यांना मारून टाकतं. पण पडलेली झाडं वेळेवर उचलली गेली नाहीत किंवा एखाद्या कारणाने बरीच झाडं एकदम कमकुवत झाली की भुंगेऱ्यांची संख्या वाढते. मग एकाच झाडावर इतक्या अळ्या तुटून पडतात की त्याची राळच पुरत नाही. तिथून पुढे धडधाकट झाडंही मरू लागतात आणि प्रत्येक मेलेलं झाड पुढच्या वर्षीच्या भुंगेऱ्यांना जन्म देतं. १९२० च्या दशकात मंडला भागात असा उद्रेक झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा झाला तेव्हा लाखो झाडं बाधित झाली.

उपायही किड्याच्या स्वभावातूनच निघाला. पावसाळ्याच्या तोंडावर काही शालवृक्ष मुद्दाम तोडतात, त्यांचे ओंडके करून टोकांची साल ठेचतात. ठेचलेल्या भागातून रस सुटतो आणि त्याच्या वासाने आसपासचे भुंगेरे येतात. रस पिऊन ते सुस्त होतात आणि सालीखाली दडून बसतात. गावातली माणसं ते वेचतात, आणि वनखातं भुंगेऱ्यांमागे पैसे देतं. काही दिवसांनी ओंडक्याची टोकं पुन्हा ठेचून त्याच सापळ्याचा वापर चालू ठेवता येतो. ही युक्ती बीसन यांच्या काळापासून वापरात आहे आणि आजही तिला पर्याय सापडलेला नाही.

याच्याशी तुलना केली तर या कुळाच्या प्रसिद्ध करामती मला दुय्यम वाटतात, पण त्या सांगायला हव्यात. काही जाती गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे मिरवतात आणि तशाच झटक्यांनी चालतात. काही दगडफुलाच्या रंगाच्या असतात, खोडावर बसल्या की डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या ऑनिकोसेरस अल्बिटार्सिसच्या मिशीचं शेवटचं पेर तर विंचवाच्या नांगीसारखं फुगीर आणि टोकदार असतं आणि त्यातून तो विष टोचतो. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातला टायटॅनस जायगँटियस हा तर जगातल्या सर्वांत मोठ्या भुंगेऱ्यांपैकी एक, लांबी १६ सेंटीमीटरहून अधिक. दिव्याकडे येणारे प्रौढ सापडतात. त्याची अळी अजून विज्ञानाच्या हाती लागलेली नाही. एवढा मोठा किडा, आणि त्याच्या आयुष्याचा जवळजवळ सगळा भाग अज्ञात. कारण तेच, तो बहुधा लाकडात आणि जमिनीखाली घडतो.

बागेत आणि देवराईत

भिरूड आंब्याचा शत्रू का झाला हे आता सांगता येतं. जंगलात एखादं थकलेलं आंब्याचं झाड, मग बराच वेळ दुसरंच काही, मग कुठेतरी फणस किंवा उंबर अशी त्याची वाट असायची. आपण शेकडो कलमं एका रांगेत लावली. फांद्या तोडल्या आणि जखमा उघड्या ठेवल्या. जुनी, थकलेली झाडं बागेत तशीच उभी राहिली. म्हणजे त्याला हवं ते सगळं एका ठिकाणी आणि दर वर्षी मिळालं. याच जातीचा भुंगेरा विसाव्या शतकाच्या मध्याला इस्राएलमध्ये पोचला आणि तिथल्या अंजीरवर्गी झाडांवर तुटून पडला. सवय तीच, झाडं नवी आणि त्यांना हा किडा कधीच न भेटलेला.

त्याच किड्याची आणि त्याच्या कुळाची हीच सवय जंगलाला मात्र गरजेची असते. लाकूड सालीखालून उघडून बुरशीला आणि पाण्याला आत नेणारे पहिले हेच. सुतार पक्ष्याचं अन्न हेच, आणि या अळ्यांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या, अंडी घालायच्या लांबलचक नळीने लाकडातल्या अळीपर्यंत पोचणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही याच्यावर जगतात. नागालँडमध्ये लाकडातल्या मोठ्या अळ्या माणसंही आवडीने खातात. सह्याद्रीतल्या ज्या देवराईंत पडलेलं झाडसुद्धा उचलायचं नाही असा नेम अजून पाळला जातो, तिथे मेलेलं लाकूड सगळ्या अवस्थांत एकाच वेळी पडलेलं असतं: नुकतं उन्मळलेलं, साल सुटलेलं, पोकळ झालेलं, मातीत विरत चाललेलं. जंगल ‘साफ’ करण्याच्या नावाखाली वाळकं लाकूड काढून नेणं हे मला म्हणूनच चुकीचं वाटतं. शालवनात उद्रेकाचा धोका असतो तिथे पडलेली झाडं उचलायलाच हवीत. मिश्र जंगलात आणि देवराईत नाही.

बागेत नियम वेगळा. दिवाळीनंतर बुंध्याकडे आणि फांद्यांच्या बेचक्यांकडे लक्ष ठेवावं. ताजा, ओलसर भुसा पडलेला दिसला की आत अळी खात आहे असं समजावं. खोडावर भुशाचे जाळीदार पट्टे चिकटलेले असतील तर ते काम सालीवरच्या दुसऱ्या एका अळीचं, भिरूडाचं नव्हे. भिरूडाचं भोक सापडलं की लवचीक तार आत घालून अळी मारावी किंवा ओढून काढावी, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे औषध सोडावं आणि भोक चिखलाने लिंपून टाकावं. काजूच्या बाबतीत उघडी मुळं मातीने झाकून घ्यावी आणि वाळलेलं झाड उभं न ठेवता मुळासकट काढावं, कारण चुन्याच्या कुप्या त्याच बुंध्यात असतात. छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी. आणि तोडलेल्या, वाळलेल्या फांद्या बागेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायच्या नाहीत. त्या पहिल्या पावसाआधी जाळून टाकाव्या, कारण आतले भुंगेरे पावसाची वाट बघत तयार बसलेले असतात.